वाकणाऱ्या लाकडाचा इतिहास

धनुष्याच्या बाबतीत संस्कृत शब्दकोश कमालीचे उदार आहेत. धनुष्याच्या मधल्या भागाला लस्तक, टोकांना कोटी आणि अटनी, दोरीला मौर्वी, ज्या, शिंजिनी आणि गुण अशी नावे एकट्या अमरकोशातच सापडतात. दोरीच्या फटकाऱ्यापासून हात राखणाऱ्या चामडी पट्ट्यालाही गोधा हे स्वतंत्र नाव आहे. ‘गुण’ ह्या शब्दाच्या दुहेरी अर्थावर तर संस्कृत कवींनी शतकानुशतके श्लेष रचले. परंतु ज्या हातांनी लाकूड तासून ही वस्तू उभी केली त्या हातांविषयी हेच वाङ्मय अतिशय मितभाषी आहे. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत, तिसाव्या अध्यायात, पुरुषमेधाच्या निमित्ताने व्यवसायांची जी लांबलचक यादी येते तीत इषुकार, धनुष्कार आणि ज्याकार असे तीन कारागीर एकापाठोपाठ उभे आहेत. बाण करणारा वेगळा, धनुष्य करणारा वेगळा, दोरी वळणारा वेगळा, इतकी कामाची विभागणी त्या काळी झालेली होती. यादीत ते एवढेच, नावापुरते आहेत.

पुढील काळात त्यांपैकी एकट्या बाण करणाऱ्याचे भाग्य उजळले. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू केले त्यांत बाण घडविणारा आहे. राजाची स्वारी शेजारून गेली तरी ज्याला तिचे भान राहिले नाही असा तो. एकनाथांनी १५७३ साली वाराणसीत पूर्ण केलेल्या टीकेमुळे तो मराठी श्रोत्यांच्याही ओळखीचा झाला. धनुष्य घडविणाऱ्याच्या वाट्याला मात्र असे गुरुपद आले नाही. ह्याचे कारण कदाचित त्या कामाच्या स्वरूपातच असावे. बाण सरळ करणे हे एकाग्रतेचे चित्र म्हणून सहज डोळ्यांपुढे येते. धनुष्य घडविण्यात एकाग्रतेपेक्षा संशय अधिक लागतो. क्षणोक्षणी हात थांबवून लाकूड वाकते कसे हे पाहावे लागते, आणि पाहिल्यावरही स्वतःच्या डोळ्यांवर फार विश्वास ठेवून चालत नाही.

वाल्मीकींच्या बालकांडात शिवाचे आणि विष्णूचे धनुष्य विश्वकर्म्याने घडविल्याचे सांगितले आहे. जनकाच्या घरी पेटीत ठेवलेले शिवधनुष्य रामाने ओढले आणि ते मध्यभागी मोडले. ह्या प्रसंगाचे काव्यगत महत्त्व वादातीत आहे. एखादा धनुष्यकार मात्र तो ऐकताना आधी एवढेच विचारील की ते मुठीपाशी का मोडावे. कारण लाकडी धनुष्ये बहुधा भुजेत मोडतात, आणि मुठीपाशी मोडलेले धनुष्य हे मूठ नको तितकी वाकत असल्याचे लक्षण असते.

कौटिलीय अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणी ताल, चाप, दारू आणि शृंग, म्हणजे ताडाची, बांबूची, लाकडाची आणि शिंगाची धनुष्ये सांगितली आहेत. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, गवेधू, वेळू आणि स्नायू ह्यांची नोंद आहे. सरकारी कोठाराला जेवढे हवे तेवढे तेथे आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात लिहिणाऱ्या एरियनने भारतीय पदातींच्या धनुष्याचे जे वर्णन दिले त्यात ते माणसाच्या उंचीचे असून त्याचे टोक जमिनीवर टेकवून व डाव्या पायाने दाबून ओढले जाई असे म्हटले आहे. शार्ङ्गधरपद्धती ह्या १३६३ सालच्या संग्रहात, ज्याची पीटर पीटरसन ह्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १८८८ साली मुंबईत निघाली, बांबूच्या निवडीचे नियम थोडे सविस्तर आहेत. तीन, पाच, सात किंवा नऊ पेरांचे धनुष्य घ्यावे; चार, सहा, आठ पेरांचे टाळावे. फार जुना, न पिकलेला, भाजलेला, भोक पडलेला बांबू वर्ज्य. ह्या यादीत आणखी एक दोष येतो, तो विशेष आहे: आपल्याच भाऊबंदांशी घासलेला बांबू घेऊ नये. विषम पेरांचा आग्रह बहुधा शकुनाचा भाग असेल. घासलेल्या बांबूचा निषेध मात्र निखळ अनुभवाचा आहे. बांबूतले सर्वांत दाट आणि चिवट तंतू त्याच्या सालीलगत असतात. वाऱ्याने बेटातल्या दुसऱ्या बांबूवर घासून घासून ती साल जेथे झिजली तेथे ते तंतू तुटलेले, आणि ताण दिल्यावर धनुष्य नेमके तेथूनच उकलणार. ही एक ओळ लिहिणाऱ्याने, किंवा त्याला सांगणाऱ्याने, मोडलेले धनुष्य हातात घेऊन पाहिले होते ह्यात शंका नाही.

लाकूड वाकविले की त्याच्या एका अंगाला ताण पडतो आणि दुसऱ्या अंगाला दाब. धनुर्धराकडून दूर असलेल्या बाजूला इंग्रजीतही पाठ म्हणतात आणि त्याच्याकडे असलेल्या बाजूला पोट. मराठीत हेच शब्द कोणतीही ओढाताण न करता वापरता येतात. पाठ ताणली जाते, पोट चेपले जाते, आणि मधला एक थर जवळजवळ निश्चिंत असतो. बहुतेक लाकडे ताण बऱ्यापैकी सोसतात, दाबाला आधी हार जातात. म्हणून धनुष्य मोडण्याच्या पुष्कळ आधी त्याच्या पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या दिसू लागतात, आणि दोरी उतरविल्यावरही ते थोडे वाकलेलेच राहते. पाठीच्या बाबतीत नियम एकच, पण तो कडक आहे: झाडाच्या वाढीचे एकच वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड राहिले पाहिजे. वाकसाचा एक घाव चुकून त्या वलयातून खाली गेला तर तेथे कातडीला चीर पडल्यासारखे होते. पाठ निवडायची, ती एकदा मोकळी केली की तिला पुन्हा हत्यार लावायचे नाही; सगळे काम पोटाच्या बाजूने करायचे.

ह्या कामाचे गणित साधे असूनही दगा देणारे आहे. भुजेची रुंदी दुप्पट केली तर तिचा ताठरपणा दुप्पट होतो. जाडी दुप्पट केली तर तो आठपट होतो. उलट बाजूने पाहिले तर जाडीतला अवघा दहावा हिस्सा काढून टाकला की एक चतुर्थांशाहून अधिक बळ निघून जाते. हात सैल असलेला नवशिका कानशीचे चार हात जास्त मारतो, आणि तेवढ्याने धनुष्य निकामी होते. काढलेले लाकूड परत लावता येत नाही, ही ह्या कलेची पहिली आणि शेवटची अट आहे. मूर्तिकारालाही ती अट असते; पण मूर्तीचे नाक बिघडले तरी मूर्ती उभी राहते.

दोन्ही भुजा सारख्या आणि आपापल्या लांबीभर सलग वाकाव्यात म्हणून थोडे थोडे लाकूड काढीत जाण्याच्या ह्या शेवटच्या टप्प्याला इंग्रजीत टिलरिंग म्हणतात. टिलर म्हणजे एक सरळ दांडा. त्याच्या एका टोकावर धनुष्याची मूठ बसते आणि अंगावर ठरावीक अंतराने खाचा असतात. दोरी ओढून त्या खाचांत अडकवायची, चार पावले मागे जायचे आणि वाक पाहायचा. ह्या शब्दाचे गोत्र मोठे मनोरंजक आहे. जुन्या फ्रेंचमध्ये तो विणकराच्या मागाच्या तुळईसाठी होता, तेथून आडव्या धनुष्याच्या दांड्याकडे आला, आणि नावेचे सुकाणू फिरविण्याच्या दांड्यालाही इंग्रजीत तोच शब्द आहे. मराठीत ह्या क्रियेला प्रतिष्ठित असा एक शब्द रुळलेला नाही. ‘वाक बसविणे’ हे त्यातल्या त्यात जवळचे ठरेल.

वाक बसविताना पहिली सैलशी दोरी लावून धनुष्य जेमतेम चार-पाच बोटे ओढतात. जेथे भुजा ताठ दिसते तेथे खूण करतात. जेथे ती बिजागरीसारखी एकाच जागी दुमडू पाहते त्या जागेला हातच लावत नाहीत. दुबळ्या जागेवर उपचार नसतो. तिच्या दोन्ही बाजूंचे बळ उतरवून तिला बरोबरीला आणावे लागते. खरवडावे, मग वीस-तीस वेळा हलकेच ओढून सोडावे, कारण काढलेल्या लाकडाचा परिणाम लगेच दिसत नाही, तंतूंना तो कळायला वेळ लागतो. मगच पुन्हा पाहावे. शेवटी जे बळ हवे आहे त्याहून अधिक बळाने धनुष्य कधीच ओढू नये. प्रत्येक फेरीत ओढ एखाद-दोन बोटे वाढते. कानशीची जागा चाकू घेतो, चाकूची जागा काचेचा तुकडा. शेवटच्या फेऱ्यांत निघणारे लाकूड भुश्याएवढे असते. दोरी पूर्ण ताणलेले धनुष्य म्हणजे जवळजवळ मोडलेलेच धनुष्य, असे जुने कारागीर म्हणत. त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

हे ज्ञान ग्रंथात उतरविण्याचा युरोपातील एक उल्लेखनीय प्रयत्न रॉजर अ‍ॅस्कम ह्या केंब्रिजच्या विद्वानाचा होय. पुढे राजकन्या एलिझाबेथचा शिक्षक झालेल्या ह्या ग्रीकच्या पंडिताने १५४५ साली ‘टॉक्सोफिलस’ हा संवादरूप ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि तो लॅटिनमध्ये न लिहिता इंग्रजीत का लिहिला ह्याचे समर्थनही केले. लोकभाषेत शास्त्र आणणाऱ्याला असे समर्थन द्यावे लागते, हा अनुभव मराठी वाचकाला परका नाही. इंग्रजी गद्याच्या इतिहासात ह्या ग्रंथाचे स्थान पक्के आहे. परंतु त्यातील कारागिरीचा भाग साहित्याचे अभ्यासक ओलांडून जातात, ही मात्र खंत करण्याजोगी गोष्ट आहे. नवे धनुष्य घेतल्यावर ते मैदानात न्यावे, जड बाण मारून त्याला वळण लावावे, ते कोणत्या जागी अधिक वाकते हे पाहावे, आणि मग ते पुन्हा भरवशाच्या कारागिराकडे नेऊन आखूड करून, तासून, सर्वांगाने गोल वाकेल असे करून घ्यावे, असा अ‍ॅस्कमचा सल्ला आहे. म्हणजे वाक बसविणे दुकानात संपत नाही. धनुर्धराच्या हाताखाली ते पुढे चालू राहते. अ‍ॅस्कम स्वतः धनुष्य घडवीत नव्हता. तो घडविणाऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत वाचकाला नेतो आणि तेथे थांबतो.

अ‍ॅस्कमचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी, १९ जुलै १५४५ रोजी, आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोज’ हे युद्धनौकांतील नामांकित जहाज पोर्टस्मथजवळच्या खाडीत बुडाले. त्याच्यावर धनुष्यांच्या पेट्या होत्या. सगळी यू वृक्षाची. आपल्या हिमालयातला थुनेर ह्याच कुळातला. ह्या झाडाचे वैशिष्ट्य असे की त्याचे बाहेरचे फिकट रसकाष्ठ ताण उत्तम सोसते आणि आतले तांबूस गाभ्याचे लाकूड दाब उत्तम सोसते. दोन स्वभावांची लाकडे निसर्गानेच एकत्र जोडून दिलेली असतात. कारागिराने दोन्ही अंगे एकाच दांडक्यात राखायची. इंग्लंडात अशा लाकडाचा इतका तुटवडा होता की १४७२ च्या कायद्यान्वये परदेशी मालाच्या प्रत्येक टनामागे धनुष्याची चार दांडकी आणणे व्यापाऱ्यांना सक्तीचे झाले. पन्नास वर्षांनंतर, १५९५ साली, इंग्रजी सेनेच्या शिक्षित तुकड्यांतून धनुष्य काढून बंदूक देण्याचा हुकूम निघाला, आणि राजाश्रयाने पोसलेली ती कला हळूहळू श्रीमंतांच्या हिरवळीवरील खेळापुरती उरली.

ह्या इतिहासातला सर्वांत अर्थपूर्ण आणि सर्वांत क्लेशदायक अध्याय मात्र इंग्लंडातला नव्हे. तो कॅलिफोर्नियातला आहे.

लासेन पर्वताच्या पायथ्याशी मिल क्रीक आणि डिअर क्रीक ह्या ओढ्यांच्या खोऱ्यांत याना लोकांची याही नावाची दक्षिणेकडील शाखा राहत असे. १८४८ च्या सोन्याच्या शोधानंतर आलेल्या वसाहतवाल्यांनी १८६० ते १८७० ह्या दशकात त्यांची पद्धतशीर कत्तल केली. जे मोजके उरले ते चाळीस वर्षे दडून राहिले. धूर दिसू नये, पाऊल उमटू नये असे जगले. १९०८ च्या नोव्हेंबरात वीज कंपनीचे मोजणीदार त्यांच्या शेवटच्या वस्तीत अवचित शिरले आणि तेथील हत्यारे, पांघरुणे, भांडी उचलून घेऊन गेले. त्यानंतर तीन वर्षांच्या आत एकच माणूस जिवंत होता. २९ ऑगस्ट १९११ रोजी तो ओरोव्हिल गावाबाहेरच्या कत्तलखान्यापाशी, उपाशी आणि थकलेला, सापडला. गावच्या शेरीफने त्याला तुरुंगात ठेवले, कारण दुसरे काय करावे हे कोणाला सुचेना.

त्याची भाषा कोणालाही येत नव्हती. कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ थॉमस वॉटरमन उत्तरेकडील याना बोलींची शब्दसूची घेऊन तुरुंगात गेले आणि एकेक शब्द वाचू लागले. पुष्कळ वेळ प्रतिसाद मिळाला नाही. अखेर ‘सिविनी’ हा शब्द उच्चारून त्यांनी खाटेच्या लाकडी चौकटीवर टिचकी मारली, आणि त्या माणसाचा चेहरा उजळला. सिविनी म्हणजे पिवळा पाइन. दोन जगांमधला पहिला समान शब्द एका लाकडाचे नाव होता.

त्याने आपले नाव कधीच सांगितले नाही. ते सांगण्याची त्याच्या समाजात रीत नव्हती आणि त्याच्या वतीने सांगणारे कोणी उरले नव्हते. आल्फ्रेड क्रोबर ह्यांनी त्याला इशी म्हटले. यानात त्याचा अर्थ माणूस. सॅन फ्रान्सिस्कोतील विद्यापीठाच्या संग्रहालयात त्याला राहायला जागा आणि झाडझुडीचे काम मिळाले. रविवारी दुपारी प्रेक्षक येत आणि तो त्यांच्यासमोर बाणाची पाती घडवीत बसे, गारगोटीवर गारगोटी घासून नव्हे तर हरणाच्या शिंगाच्या टोकाने काळ्या काचदगडाचे कपचे दाबून उडवीत. ह्या व्यवस्थेत माणुसकी किती आणि प्रदर्शन किती, हा प्रश्न पुढे अनेकांनी विचारला, आणि तो विचारण्याजोगा आहे.

संग्रहालयाला लागूनच वैद्यकीय महाविद्यालय होते आणि तेथे सॅक्सटन पोप हे शल्यविशारद शिकवीत. ते इशीचे डॉक्टर झाले, मग मित्र झाले, आणि मग शिष्य. १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘याही आर्चरी’ ह्या त्यांच्या निबंधात इशीच्या धनुष्याची जी हकीकत आली आहे तिच्याइतकी तपशीलवार हकीकत त्या काळच्या लिखाणात क्वचित आढळते. इशी धनुष्याला ‘मान-नी’ म्हणे. ते डोंगरी जुनिपरच्या फांदीतून फोडून काढलेले, रसकाष्ठासह बाहेरचे थर राखलेले, सुमारे बेचाळीस इंच लांबीचे असे. इशी ही लांबी इंचांत मोजत नसे. आडव्या पसरलेल्या हातापासून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत, हे त्याचे माप. धनुष्य प्रत्येक भुजेच्या मध्यावर सर्वांत रुंद, म्हणजे सुमारे दोन इंच, आणि तेथे जाडी अर्धा इंच. टोके तापलेल्या दगडावर धरून मागे वळविलेली. असा आकार दिला की तो धनुष्य बांधून अंधाऱ्या, कोरड्या जागी सुकायला ठेवी. गरजेप्रमाणे काही महिने किंवा काही वर्षे. मग पाठ खरबरीत करून तिच्यावर सॅमन माशाच्या कातड्याचा उकळून केलेला सरस लावायचा, आणि हरणाच्या पायांतील स्नायू चावून चावून मऊ केलेले, तंतू तंतू सोडविलेले, एकावर एक टोके चढवीत पाठभर बसवायचे. स्नायू वाळताना आकसतो, पाठ आवळून धरतो, आणि आखूड धनुष्यालाही न मोडता खोल वाकता येते.

धनुष्याविषयी इशीचे काही दंडकही पोप ह्यांनी नोंदविले. धनुष्य उभे टेकवून ठेवू नये. उभे राहून ते थकते आणि घामेजते. काम नसेल तेव्हा त्याला निजवावे. कोणी ते ओलांडू नये, मुलांनी हाताळू नये. ह्यातला पहिला नियम कोणत्याही अनुभवी कारागिराने निराळ्या शब्दांत सांगितला असता. लाकूड ओल धरते, एका टोकावर भार राहिला तर त्याचा वाक बिघडतो. इशीची भाषा सजीवाची आहे म्हणून ती केवळ श्रद्धा समजणे, ही त्या काळच्या शास्त्रीय गद्याची मर्यादा होय. पोप ह्यांच्याकडे त्या भाषेची टिंगल नाही. हे त्यांच्या लिखाणाचे मोठेपण.

तरीही ह्या नोंदीत एक जागा रिकामी राहिली आहे. आकाराची मापे आहेत, सरसाची कृती आहे, स्नायू लावण्याचे वर्णन आहे. पण खरवडणे आणि वाळूच्या दगडावर घासणे ह्याला एखाद-दुसरेच वाक्य मिळाले आहे. हात केव्हा थांबवायचा, कोणती भुजा ताठ आहे हे कशावरून ओळखायचे, हे त्यात नाही. जे मोजता येते ते शल्यविशारदाने मोजले. जे दोन माणसे शेजारी बसून शिकतात ते कागदावर आले नाही. पोप ते शिकले नाहीत असे नव्हे. त्यांच्या १९२३ सालच्या ‘हंटिंग विथ द बो अँड अ‍ॅरो’ ह्या पुस्तकात धनुष्य घडविण्याचे जे प्रकरण आहे ते वाचणाऱ्याला घरच्या घरी, साध्या हत्यारांनी, धनुष्य करायला बसविते. मात्र ते धनुष्य इशीचे नाही, इंग्रजांचे आहे: लांब, अरुंद, यूचे. ज्याने आवड लावली त्याची रीत मागे राहिली आणि शिष्य आपल्या पूर्वजांच्या रीतीकडे वळला. संग्रहालयातील निरनिराळ्या लोकांची धनुष्ये ताणून, त्यांचे पल्ले मोजून त्यांनी इंग्रजी लांब धनुष्याला झुकते माप दिले; त्यांत इशीच्या धनुष्याचा जो उद्देश, दाट झुडपांत दडून जवळून हरीण मारणे, तो मोजमापात कोठेच येत नव्हता.

त्या मोजमापाचे दुसरे टोकही पुढे उघडे पडले. ‘मेरी रोज’च्या अवशेषांतून एकोणिसाव्या शतकात काही धनुष्ये वर काढण्यात आली होती. त्यांपैकी एकाबरहुकूम पोप ह्यांनी अमेरिकन यूचे धनुष्य केले, आणि त्याचे बळ भरले अवघे ६५ पौंडांच्या आसपास. त्यावरून मध्ययुगीन धनुष्ये फार बळकट नसावीत असा ग्रह पसरला. १९८२ साली जहाजाचा सांगाडाच वर काढण्यात आला. एकूण १७२ धनुष्ये मिळाली, त्यांतील १३७ अखंड. त्यांच्या अभ्यासातून त्यांचे बळ १०० ते १८५ पौंड असावे असे अनुमान निघाले. आकार तोच ठेवला तरी एका दांडक्याचे लाकूड दुसऱ्यासारखे नसते. उंच डोंगरावर सावकाश वाढलेल्या, दाट वलयांच्या यूची प्रत निराळी. नक्कल मापांची झाली होती, लाकडाची नव्हे.

पोप १९२६ साली वारले. त्यांच्या पुस्तकाने अमेरिकेत घरोघरी धनुष्य घडविण्याचे वेड पसरविले. १९३० नंतर क्लॅरेन्स हिकमन, पॉल क्लॉपस्टेग, फॉरेस्ट नॅगलर अशा भौतिकीच्या आणि अभियांत्रिकीच्या मंडळींनी वाकणाऱ्या भुजेचे गणित मांडले आणि इंग्रजी धनुष्याचा फुगीर छेद लाकडाच्या ताकदीचा पुरता उपयोग करीत नाही, सपाट रुंद भुजा अधिक चांगली, असे दाखवून दिले. म्हणजे ज्या रुंद, चपट्या भुजेला पोप ह्यांनी दुय्यम ठरविले होते तिच्याकडेच गणित परत आले. नंतर काचतंतूंची धनुष्ये आली आणि लाकूड बाजूला पडले. १९९२ साली अमेरिकेत ‘द ट्रॅडिशनल बोयर्स बायबल’ ह्या ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला. त्यातील लेखकांपैकी टिम बेकर ह्यांचे म्हणणे असे होते की दुर्मिळ यूची वाट पाहण्याचे कारण नाही, सरळ रेषांचे कोणतेही बऱ्यापैकी लाकूड चालते, फक्त त्याच्या स्वभावाप्रमाणे भुजेची रुंदी ठरवावी. त्यांना ह्याचा दाखला डेन्मार्कमध्ये होता. तेथील होल्मेगार्डच्या दलदलीत १९४४ साली पीट कापताना एल्मची धनुष्ये मिळाली होती, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची. बारीक खोडातून घडविलेली, झाडाची पाठ तीच धनुष्याची पाठ ठेवलेली, भुजा रुंद आणि सपाट.

भारतात ही कला मृत झाल्यानंतर पुनरुज्जीवित करावी लागली नाही. सातपुड्यातील भिल्लांचा कामठा बांबूचाच असतो आणि त्याची दोरीही बांबूच्या सालीच्या पट्टीची. कौटिल्याच्या यादीतला वेळू अशा रीतीने तेथे टिकून आहे. कोयता आणि चाकू एवढ्या हत्यारांवर वाक बसविला जातो. उदयपूर जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबात बांबूच्या धनुष्यावर हात बसलेला लिंबाराम १९८८ ते १९९६ ह्या काळात तीन ऑलिंपिक स्पर्धांत उतरला आणि १९९२ साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत ३० मीटरच्या प्रकारात त्याने विश्वविक्रमाची बरोबरी केली. त्याच्या हाती तेव्हा कारखान्यात झालेले धनुष्य होते. नेमबाजाची दखल देशाने घेतली. कामठा तासणाऱ्याची अजून घेतली गेलेली नाही, आणि ह्या बाबतीत आपली स्थिती यजुर्वेदातील यादीच्या फारशी पुढे गेलेली नाही असेच म्हणावे लागते.

इशीविषयीचे ज्ञानही स्थिर राहिले नाही. थिओडोरा क्रोबर ह्यांच्या १९६१ सालच्या चरित्राने त्याला अस्पर्श, शुद्ध असा अखेरचा याही म्हणून जगापुढे उभे केले. १९९० नंतर पुरातत्त्वज्ञ स्टीव्हन शॅकली ह्यांनी त्याने घडविलेली बाणाची पाती तपासली, तेव्हा ती याहींच्या जुन्या पात्यांपेक्षा शेजारच्या विंटू-नोमलाकी लोकांच्या पात्यांशी अधिक जुळणारी आढळली. कत्तलीने विस्कटलेल्या त्या डोंगरांत माणसे एकमेकांच्या आश्रयाला गेली, लग्ने झाली, आणि मुलाने ज्याच्या मांडीशी बसून दगड फोडायला शिकले तो कदाचित परक्या भाषेचा होता. हाताची सवय वंशावळीपेक्षा खरे बोलते.

२५ मार्च १९१६ रोजी इशी क्षयाने वारला. क्रोबर तेव्हा न्यूयॉर्कमध्ये होते. शवविच्छेदन करू नये असे त्यांनी कळविले होते, परंतु ते झाले आणि मेंदू काढून ठेवण्यात आला. दहनाच्या वेळी मित्रांनी त्याच्यासोबत त्याचे एक धनुष्य, पाच बाण, ओकच्या फळांच्या पिठाची टोपली, शिंपल्यांच्या मण्यांचे नाणे, तंबाखू आणि काचदगडाचे काही कपचे ठेवले. पुढच्या वर्षी क्रोबर ह्यांनीच तो मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे पाठविला. १९९९ साली त्याचा पुन्हा शोध लागला. ऑगस्ट २००० मध्ये तो रेडिंग रँचेरिया आणि पिट रिव्हर ह्या, याना वंशजांचा समावेश असलेल्या, जमातींच्या हवाली करण्यात आला, आणि त्यांनी तो अस्थींसह त्याच्या पूर्वजांच्या प्रदेशात, बाहेरच्या कोणाला न सांगता, पुरला. २०२१ साली बर्कलीतील मानववंशशास्त्राच्या इमारतीवरून क्रोबर ह्यांचे नाव उतरविण्यात आले. इशीने सॅन फ्रान्सिस्कोत असताना घडविलेल्या वस्तू आज बर्कलीच्या फीबी हर्स्ट संग्रहालयात आहेत. चितेवर त्याच्याबरोबर गेले ते धनुष्य अर्थातच त्यांत नाही.